नियम हीही संहिताच : सामूहिक भूमिकाखेळाची रचना आणि मराठीचा अभ्यास

१

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'खेळ' हा शब्द आजवर प्रामुख्याने दोन दारांनी आत आला आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत तो मंगळागौर, भोंडला, हादगा यांच्या निमित्ताने येतो आणि बालसाहित्याच्या चर्चेत भातुकलीच्या निमित्ताने. दोन्ही ठिकाणी खेळाकडे आपण गाण्यांचे भांडार म्हणून पाहतो. गाणी उतरवून घेतली, त्यांचे वर्गीकरण केले, की खेळाचे काम संपते. तो खेळ कोणत्या नियमांनी चालतो, ते नियम कोणी ठरवले, ते बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. कारण नियम म्हणजे वाङ्मय नव्हे, अशी आपली पक्की समजूत असते. ही समजूत तपासून पाहावी असे मला गेल्या दोन वर्षांतील एका अध्यापनानुभवावरून वाटू लागले आहे. तो अनुभव आणि त्यावरून बनलेले माझे मत या लेखात मांडते.

मत थोडक्यात असे : ज्या खेळात खेळणारे भूमिका घेऊन एकत्रितपणे एक कथा घडवितात, त्या खेळाचे नियम ही एक वाङ्मयीन संहिताच असते. या संहितेत रचणाऱ्यांची समाजविषयक दृष्टी इतक्या उघडपणे उमटते की ती लपविणे कठीण जाते. म्हणूनच असा खेळ विद्यार्थ्यांनी एकत्र बसून रचणे, खेळणे आणि पुन्हा दुरुस्त करणे ही मराठी विभागातील करमणूक नव्हे. ते समीक्षेचे शिक्षण आहे.

२

ज्या खेळप्रकाराविषयी मी बोलते आहे त्याची ओळख आपल्या वर्गांना फारशी नाही, म्हणून ती आधी करून देणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे पूर्वज युद्धाचे सराव-खेळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी रचलेल्या पटांपर्यंत ही वंशावळ जाते. या नव्या खेळात सैन्याच्या जागी एकेक पात्र आले. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी, वाक्चातुर्य इत्यादी गुण आकड्यांत मांडलेला एक कागद प्रत्येकासमोर असतो. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात, आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. रंगमंच नाही, प्रेक्षक नाही, लिहिलेले संवाद नाहीत. कथा बोलण्यातून घडते आणि बोलणे थांबले की संपते. मराठीत याला 'भूमिकाखेळ' म्हणावे असे मी सुचविते.

या खेळाचा एक विशेष आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. छापील नियमग्रंथ हाती असला तरी खेळणारी मंडळी त्यात आपल्या सोयीने भर घालतात, नियम वगळतात, संपूर्ण नवे विश्व रचतात. विकतच्या खेळाचा असा 'घरचा' खेळ होणे ही त्या प्रकाराची मूळ प्रवृत्तीच आहे. आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. गल्लीतले क्रिकेट ज्याने खेळले आहे त्याला घरचे नियम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अमुक भिंतीपलीकडे चेंडू गेला तर बाद, एका टप्प्यात एका हाताने झेलला तरी बाद, हे नियम दर गल्लीला वेगळे असतात आणि ते खेळ सुरू होण्यापूर्वी भांडून ठरवले जातात. त्याच गल्लीत 'लिंबूटिंबू' नावाची एक संस्था असते. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही आणि त्याच्या धावाही मोजायच्या नाहीत. या शब्दाकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

३

भूमिका घेऊन आयत्या वेळी कथा घडविण्याची परंपरा मराठी मुलखाला नवी नाही. कोकणातील दशावतारी नाटकांत लिखित संहिता हाती नसते. आख्यान कोणते हे ठरते, कोणी कोणती भूमिका घ्यावयाची ते ठरते आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. तमाशातील बतावणी आणि वग यांतही सोंगाड्याची हजरजबाबी बुद्धी हाच खरा लेखक असतो. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगभूमीवर आले तेव्हा हेच तत्त्व शहरी प्रेक्षकापुढे गेले. दादा कोंडके यांनी त्यात ताज्या घडामोडींवरच्या जागा भरून तो प्रयोग सतत हलता ठेवला. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या, मुरळी अशा भूमिकांची रांगच उभी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तर देवांनी ब्रह्मदेवाकडे जे मागितले ते 'क्रीडनीयक' होते, म्हणजे खेळावयाची वस्तू. नाट्य आणि खेळ यांची ताटातूट ही नंतरची आहे.

तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दशावतारात संवाद मोकळे असतात, पण शेवट बांधलेला असतो. कोण हरणार आणि कोण जिंकणार हे आख्यानानेच ठरविलेले असते आणि ते प्रेक्षकाला ठाऊक असते. भूमिकाखेळात शेवट कोणालाच ठाऊक नसतो. त्यामुळे पारंपरिक प्रयोगात जे काम आख्यान करते ते काम येथे नियमांना करावे लागते. कोणत्या पात्राला काय शक्य आहे, काय अवघड आहे आणि काय अशक्य आहे, हे नियम सांगतात. म्हणजेच संभाव्यतेचे जे भान कादंबरीकार वाक्यावाक्यातून निर्माण करतो, ते येथे आधीच लिहून ठेवावे लागते. नियमांना मी संहिता म्हणते ते या अर्थाने.

एकत्रित कर्तृत्वाचा प्रश्नही आपल्याला नवा नाही. 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हाइंभटांच्या नावावर असला तरी तो अनेकांच्या आठवणींतून सिद्ध झालेला आहे. मूळ पोथी नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्यातून पाठभेद निर्माण झाले आणि महानुभाव परंपरेने ते पुसून न टाकता 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी. दोन्ही ग्रंथात राहिल्या. अनेकांनी मिळून रचलेल्या कृतीचे संपादन कसे करावे याचा इतका प्रगल्भ नमुना आपल्याच वाङ्मयाच्या आरंभी आहे आणि त्या ग्रंथातील प्रसंगाला नाव आहे 'लीळा', म्हणजेच क्रीडा. हा योगायोग म्हणून सोडून दिला तरी नमुना उरतोच.

४

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे येते. मी ज्या महाविद्यालयात शिकविते तेथे लोणंद, तरडगाव, नीरा या पट्ट्यातील मुले-मुली येतात. लोणंद आज कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. पुणे-मिरज लोहमार्गावरचे ते स्थानक आहे. पण आषाढ जवळ आला की या गावाची ओळख बदलते. ज्ञानेश्वरांच्या पालखीसोहळ्यात नीरा नदीत पादुकांना स्नान घातले जाते, पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तेथून तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वारी हा पुस्तकातील विषय नाही. ती घरासमोरून जाणारी गोष्ट आहे.

एम. ए. च्या आठ विद्यार्थ्यांनी भूमिकाखेळ रचावयाचे ठरविले तेव्हा त्यांनी विषय निवडला तो लोणंदच्या मुक्कामाचा. काळ निवडला १९४७ सालचा. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले होते. त्यानंतरच्या पहिल्या आषाढीला वाटेवरच्या मुक्कामात काय बोलले गेले असेल, हा त्यांचा प्रश्न होता. संदर्भासाठी त्यांनी दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी', इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' वाचला. पाठ्यपुस्तक म्हणून ही पुस्तके ज्या आळसाने वाचली जातात, त्या आळसाने ती यावेळी वाचली गेली नाहीत. दिंडीत सामानाची गाडी कोणाची, स्वयंपाक कोण करतो, पंगत कोणाची वेगळी बसते, ही माहिती त्यांना कामाला हवी होती.

वारीचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली ती मलाही नवी होती. पालखीसोहळा हाच एक रचलेला, नियमबद्ध सामूहिक प्रयोग आहे. आजच्या स्वरूपातील सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी बसविली. ते सातारा जिल्ह्यातील आरफळचे. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम, विणेकरी, टाळकरी, पखवाजी, पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया यांची स्थाने, चोपदाराचा अधिकार, हे सारे ठरलेले आहे. रिंगणात धावणाऱ्या माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. तेथे माउली आहेत असे सगळे मिळून मानतात आणि त्या मानण्यावर रिंगण उभे राहते. कल्पनेचा असा सर्वमान्य करार हाच भूमिकाखेळाचाही पाया आहे.

त्याहून महत्त्वाचा नियम समाजआरतीचा. मुक्कामाच्या ठिकाणी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातील चोप उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. त्या आवाजाकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकले जाते. ते ऐकल्याखेरीज पुढचे चालत नाही. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणाही तेथेच होते. गप्प राहण्याच्या आज्ञेलाच गाऱ्हाणे मांडण्याची संधी बनविणारा हा नियम विद्यार्थ्यांनी जसाच्या तसा उचलला. सूत्रधाराने हात वर केला की सर्वांनी शांत व्हावयाचे; ज्याला कथा अन्यायाने चालली आहे असे वाटत असेल त्याने टेबलावर ताल धरून ठेवावयाचा. आयात केलेल्या मूळ खेळात सूत्रधाराचा शब्द अखेरचा असतो. येथे तो राहिला नाही. एवढ्यावरच माझे समाधान झाले होते. पण खरे शिक्षण पुढे होते.

५

खेळाचा पहिला आराखडा असा होता. प्रत्येक पात्राच्या कागदाला विद्यार्थ्यांनी सहज 'पत्रिका' असे नाव दिले. पत्रिकेवर अंगबळ, वाणी, हिकमत, भक्ती आणि पत असे पाच गुण, एक ते पाच या आकड्यांत. फाशांऐवजी सहा कवड्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तो आकडा पत्रिकेवरील गुणाइतका किंवा त्याहून कमी आला तर काम फत्ते. पात्रे दहा : त्यांत विणेकरी, पखवाजी, गाडीवान, तुळस घेतलेली विधवा, पेठेतला वाणी, स्थानकावरचा हमाल आणि गावचा तराळ ही प्रमुख. तराळाचे पात्र शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ'वरून सुचले. खरात आटपाडीचे, म्हणजे आमच्याच भागातले. ताल धरण्याचा अधिकार दिंडीतील पात्रांना होता, कारण टाळ त्यांच्याच हाती असतात.

पत्रिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या. तराळाची पत्रिका ज्या विद्यार्थ्याकडे गेली त्याच्यासमोर 'पत : १' असा आकडा होता आणि विणेकऱ्यासमोर 'पत : ५'. तिन्हीसांजेला तराळ दिंडीच्या तळावर पाणी मागावयास येतो असा प्रसंग सूत्रधार म्हणून मी सांगितला. त्याने कवड्या टाकल्या. चार उताण्या पडल्या. दुसऱ्या ठिकाणी मागितले, तीन पडल्या. तिसऱ्यांदा पुन्हा चार. तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मला खेळात घेतलंय खरं, पण लिंबूटिंबू म्हणून."

दुसऱ्या विद्यार्थिनीने लगेच हिशेब मांडला. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर सहा कवड्यांची ६४ दाने होतात. पत एक असलेल्या पात्राला त्यांतील ७ दाने साधतात, पत पाच असलेल्याला ६३. "आपण कथा लिहिलीच नाही," ती म्हणाली, "आपण निकाल लिहून ठेवलाय."

येथे माझ्या हातून झालेली चूक नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. मी त्या नियमाचे समर्थन केले. १९४७ साली हेच घडले असते, वास्तवाशी इमान राखले पाहिजे, असे मी म्हणाले. त्या मुलाने ताल धरला नाही, कारण नियमाप्रमाणे त्याच्याकडे टाळ नव्हताच. ज्याचे गाऱ्हाणे सर्वांत मोठे त्यालाच गाऱ्हाणे मांडण्याचे साधन नाही, ही गोष्ट नियम लिहिताना आठांपैकी एकाच्याही आणि माझ्याही ध्यानी आली नव्हती. समाजआरतीच्या नियमाचे मला कौतुक होते. पण तो नियम दिंडीच्या आत असलेल्यांचे गाऱ्हाणे ऐकतो, दिंडीबाहेर ठेवलेल्याचे नव्हे, हे त्या मुलाच्या गप्प बसण्याने मला शिकविले.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थी दोन दुरुस्त्या घेऊन आले. पहिली : पत हा गुण पत्रिकेवरून काढून टाकावा. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूच्या मुठीत पाच चिंचोके असावेत. कोणत्याही पात्राने काही मागितले की इतरांनी आपापला चिंचोका पुढे ठेवावा किंवा राखून ठेवावा. राखून ठेवणाऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून त्याचे कारण सर्वांसमक्ष बोलून दाखविले पाहिजे. दुसरी : ताल धरण्याचा अधिकार पात्राचा नसून खेळणाऱ्याचा असावा.

दुसऱ्यांदा खेळताना पाण्याचा तोच प्रसंग आला. विणेकऱ्याची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने चिंचोका राखून ठेवला. त्याचे पात्र तसेच वागले असते असे त्याला वाटले. मग त्याला कारण सांगावे लागले. सोवळ्याची, रूढीची, दिंडीच्या मालकांची अशी तीन वाक्ये त्याने सुरू केली आणि तिन्ही अर्धवट सोडली. पाणी मिळाले नाहीच. वास्तव बदलले नाही. परंतु ते आता तराळाच्या कपाळी लिहिलेला आकडा नव्हते, विणेकऱ्याने केलेली कृती होती. पहिल्या नियमात अपमान हा तराळाचा गुणधर्म होता. दुसऱ्या नियमात तो दोघांमधला व्यवहार झाला आणि त्याचे उत्तरदायित्व देणाऱ्याकडे आले.

मराठी साहित्याच्या इतिहासात हेच स्थित्यंतर आपण दरवर्षी शिकवितो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे. तत्पूर्वीच्या सहानुभूतिपर ग्रामीण चित्रणात दैन्य हे बहुधा पात्राला चिकटलेले लक्षण असते. दलित लेखनाने ते लक्षण काढून घेऊन त्यामागचा व्यवहार उघड केला. ही गोष्ट माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहीत होते. तरीही स्वतः नियम लिहिताना त्यांनी जुनाच नमुना गिरविला आणि मी त्याला वास्तववाद म्हटले. ज्ञान आणि दृष्टी यांतील हे अंतर परीक्षेने दाखविले नव्हते; ते सहा कवड्यांनी दाखविले.

परदेशी खेळाचा प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्राच्या 'वंशा'वरून त्याचे गुणावगुण ठरविण्याची पद्धत अनेक दशके होती. तीवर बरीच टीका झाली आणि २०२४ च्या नव्या आवृत्तीत 'वंश' ही संज्ञा काढून तिच्या जागी 'प्रजाती' ही संज्ञा आली. शब्द बदलल्याने प्रश्न कितपत सुटला हा निराळा वादविषय आहे. पण जन्म आणि सामर्थ्य यांची सांगड नियमात घालावी की नाही हा प्रश्न तेथे पन्नास वर्षांनी ऐरणीवर आला. जातीच्या समाजात खेळ रचणाऱ्याला तो पहिल्याच बैठकीत टाळता येत नाही.

६

या उपक्रमावर सहकाऱ्यांनी घेतलेले आक्षेप विचारात घेणे इष्ट आहे. पहिला आक्षेप असा की, खेळ संपताच कथा नाहीशी होते. मग अभ्यासावे काय? हा आक्षेप कीर्तनावर, वगावर, दशावतारावरही घेता येईल. या प्रयोगरूपांना आपण अभ्यासक्षेत्रात स्थान दिले आहे. शिवाय येथे तर नियमांची वही, तिच्यातील खाडाखोड आणि प्रत्येक दुरुस्तीमागचे कारण हातात उरते. पाठचिकित्सा शिकविण्यास याहून जिवंत साहित्य कोणते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वारीसारख्या श्रद्धाविषयाचा आणि अस्पृश्यतेसारख्या वेदनेचा खेळ करावा काय? यावर माझे उत्तर सरळ होकारार्थी नाही. खेळ हा शब्द जोडल्याने गंभीर विषय हलका होतो हे मला मान्य नाही. लळितात आणि भारुडात आपण सोंगे घेऊनच अध्यात्म ऐकले आहे. परंतु दुसऱ्याचे दुःख अर्धा तास अंगावर घेऊन 'मला समजले' असे मानण्याचा धोका भूमिकाखेळात निश्चित आहे. चिठ्ठीने आलेली तराळाची पत्रिका बैठक संपल्यावर खाली ठेवता येते. आयुष्यात ती ठेवता येत नाही. म्हणून भूमिका करणारा आणि भूमिका यांत अंतर राखणारा नियम हवा. ताल धरण्याचा अधिकार पात्राकडून खेळणाऱ्याकडे नेल्याने हे अंतर काही प्रमाणात साधले. लेखक, निवेदक आणि पात्र यांतील भेद कथनमीमांसेच्या तासाला आपण फळ्यावर रेघा ओढून समजावितो. येथे तो भेद एका माणसाला बोलता येण्या-न येण्याचा प्रश्न होता.

तिसरा आक्षेप विषयाच्या मर्यादेचा आहे : हे काम नाट्यशास्त्राचे किंवा समाजशास्त्राचे; मराठीचे नव्हे. मला वाटते, ते मराठीचेच आहे, कारण त्यातील प्रत्येक निर्णय शब्दाच्या निवडीपाशी येऊन थांबतो. 'पत' या गुणाला विद्यार्थ्यांनी 'मान' म्हटले असते तर खेळ वेगळा झाला असता. पत दुसऱ्याने द्यावी लागते हे त्या शब्दातच होते. ते आकड्यांत मांडताना आम्ही विसरलो आणि चिंचोक्यांनी ते परत आणले. 'पत्रिका' हा शब्द तर आम्ही न कळत जन्मपत्रिकेवरून घेतला आणि तिच्यासारखेच भविष्यही तीवर लिहून ठेवले. दान, डाव, भिडू, राज्य, लिंबूटिंबू ही आपल्या भाषेतील खेळाची परिभाषा केवळ बोलीतील गंमत नाही. तीत न्याय, वाटणी आणि सहभाग यांविषयीचा विचार साठलेला आहे. तो उकलून दाखविणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.

७

या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार झालेल्या नव्या रचनेत पदव्युत्तर वर्गांना क्षेत्रप्रकल्पाची तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती प्रश्नावली भरून घेण्यात खर्ची पडते. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या लहान गटाने आपल्या परिसरातील एखादी सामूहिक संस्था, मग ती वारीचा मुक्काम असो, आठवड्याचा बाजार असो वा पाणीवाटपाची पाळी असो, अभ्यासून तिच्यावर भूमिकाखेळ रचावा. खर्च कवड्या-चिंचोक्यांचा. मूल्यमापन करताना खेळ किती रंगला हे पाहू नये. नियमांच्या वहीत किती आणि कोणत्या कारणाने दुरुस्त्या झाल्या ते पाहावे. ज्या गटाची वही पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत स्वच्छ राहिली त्याने बहुधा काहीच तपासलेले नसते.

दुसरी सूचना जतनाची. नियम बदलला की जुना नियम खोडून टाकू नये. कोणाच्या हरकतीने, कोणत्या बैठकीनंतर तो बदलला याची नोंद शेजारी राहावी. आमच्या वहीत पतीचा जुना तक्ता अजून तसाच आहे. त्याखाली दोन ओळींत त्याची हकीकत आहे. 'वासना' नोंदविणाऱ्या परंपरेच्या वारसांना हे अवघड वाटू नये.

तिसरी सूचना आम्हा शिक्षकांसाठी. अशा खेळात शिक्षकाने पहिल्यांदा सूत्रधार होऊ नये. वर्गात अखेरचा शब्द आपला असतो, याची सवय आपल्याला इतकी जडलेली असते की नियमात ती कोठे शिरली ते आपल्याला दिसत नाही. दुसऱ्या आवृत्तीत सूत्रधारपद फिरते ठेवण्यात आले आणि माझ्या वाट्याला गाडीवानाची पत्रिका आली. त्या संध्याकाळी मी एकदा ताल धरला. माझे म्हणणे ऐकून घेण्यात आले आणि बहुमताने अमान्य झाले. कथा पुढे गेली.

या वर्षीची तुकडी तीच वही पुढे चालविणार आहे. त्यांचा पहिला प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला आहे : तुळस घेतलेल्या विधवेच्या पत्रिकेवर अंगबळ दोन आणि विणेकऱ्याच्या पत्रिकेवर चार असे का? डोक्यावर वृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत चालते कोण? मला उत्तर देता आले नाही. वही त्यांच्याकडे दिली आहे.